इम्प्लांटचं वजन वजा करून बीएमआय काढायचा का?

प्रश्न विचारणाऱ्या बाईंची उंची १५८ सेंटीमीटर आणि वजन ६३ किलो आहे. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी दोन्ही बाजूंना ३७५ सीसीचे सिलिकॉन जेलचे ब्रेस्ट इम्प्लांट बसवून घेतले, शिवाय ओठ आणि गाल मिळून ४ मिलिलिटर फिलर, म्हणजे भराव देण्यासाठी टोचायचं जेल. ऑपरेशनआधी वजन ६० होतं. परवाच्या आरोग्य तपासणीत बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, २५.२ आला आणि अहवालावर ‘जादा वजन’ असा शेरा पडला. त्या विचारतात, "यातलं बरंचसं वजन माझं नाहीच, बसवलेलं आहे. ते वजा करून बीएमआय काढायला नको का? आणि वाढलेले तीन किलो त्यातूनच आले असतील ना?"

मी प्लास्टिक सर्जन आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येत असतो. इथे खरं तर दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. बसवलेल्या वस्तूचं वजन किती, हा पहिला. त्याचं उत्तर गणिताचं आहे, पाच मिनिटांत मिळतं. बीएमआयच्या त्या आकड्यावर कोण काय ठरवणार आहे, हा दुसरा. इम्प्लांट वजा करायचे की नाहीत, हे या दुसऱ्यावर ठरतं आणि तिथे उत्तर माणसागणिक बदलतं.

आधी गणित. इम्प्लांटवरचा सीसीचा आकडा आकारमानाचा असतो, वजनाचा नव्हे. सिलिकॉन जेल पाण्यापेक्षा किंचित हलकं, एका सीसीला साधारण ०.९७ ग्रॅम. म्हणजे ३७५ सीसीचा एक इम्प्लांट सुमारे ३६५ ग्रॅम आणि जोडी ७३० ग्रॅमच्या आसपास. सलाईन भरलेले असते तर जोडी ७५०च्या जरा वर गेली असती. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागणं. १.५८चा वर्ग होतो जवळपास २.५. तेव्हा ०.७३ला २.५ने भागा, उत्तर ०.२९. उंच बाईच्या बाबतीत हाच जोड बीएमआय कमी वाढवतो आणि ठेंगण्या बाईच्या बाबतीत जास्त. १७५ सेंटीमीटर उंचीला ०.२४ आणि १५० सेंटीमीटरला ०.३२.

फिलरचा तर हिशेब मांडायचीही गरज नाही. हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं जेल वजनाला जवळपास पाण्याइतकंच, म्हणजे ४ मिलिलिटर ते ४ ग्रॅम. बीएमआयमध्ये ०.००२चीही भर नाही. "पण फिलर पाणी ओढून घेतं ना?" असं लगेच विचारतात. ओढतं, आणि सुईच्या सुजेबरोबर त्यामुळेही ओठ पहिले दोन-चार दिवस फुगलेले दिसतात. पण हे पाणी चमच्याने मोजण्याइतकं, आणि सिरिंजमधल्या जेलमध्येही मुळात बहुतांश पाणीच असतं. बोटॉक्सच्या इंजेक्शनात औषध नॅनोग्रॅममध्ये असतं, उरलेलं सलाईन काही तासांत शरीरात मुरून जातं. तेव्हा चेहऱ्यावर काय काय करून घेतलंय ते बीएमआयच्या चर्चेतून निर्धास्तपणे बाहेर काढा. हनुवटीचा इम्प्लांटही काही ग्रॅमचाच असतो.

आता तुमचा आकडा. ६३ किलोला २५.२. इम्प्लांट वजा केले की ६२.२७ किलो आणि बीएमआय २४.९. ‘जादा वजन’ २५पासून धरतात, म्हणजे खरंच तुम्ही त्या रेषेच्या अलीकडे येता, आणि तुम्हाला हेच हवं होतं असा माझा अंदाज आहे. पण याच वजनाला तुमची उंची कोणी १५८ऐवजी १५९ मोजली असती, तरी बीएमआय २४.९च आला असता. एका सेंटीमीटरचा फरक आणि तुमची इम्प्लांटची जोडी या सूत्रात अगदी सारख्या वजनाच्या ठरतात. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभर दबत जातात, त्यामुळे बहुतेकांची उंची सकाळपेक्षा संध्याकाळी सेंटीमीटरभर कमी भरते. तपासणी शिबिरांत उंची कशी मोजतात ते मी पाहिलंय. डोकं वर उचललेलं, टाचा भिंतीपासून सुटलेल्या, केस वर बांधलेले. त्यात वजन जीन्स, बूट आणि खिशातल्या मोबाइलसकट. या सगळ्याची चूक तुमच्या इम्प्लांटपेक्षा सहज मोठी असते, आणि ती वजा करा म्हणून कोणी भांडत नाही.

वाढलेल्या तीन किलोंचं काय? त्यातले ७३० ग्रॅम इम्प्लांटचे, ते मान्य. उरले सव्वादोन किलो.

ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात वजन एक-दोन किलो वाढलेलं दिसणं अगदी नेहमीचं आहे. शिरेतून दिलेलं सलाईन, जखमेभोवतीची सूज, जोरकस वेदनाशामकांमुळे झालेली बद्धकोष्ठता, असं सगळं मिळून काटा वर जातो. तेव्हा घाबरून फोन करणाऱ्यांना मी काटाच उचलून ठेवायला सांगते. पण ही वाढ काही आठवड्यांत उतरते. आठ महिन्यांनी त्यातलं काही उरत नाही. इम्प्लांटभोवती शरीर एक पातळ आवरण तयार करतं, त्याचंही वजन नगण्य.

तेव्हा हे सव्वादोन किलो तुमचेच, बाई. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही. पण माझ्या पाहण्यात याचं सर्वांत नेहमीचं कारण अगदी साधं आहे. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे आम्हीच जड उचलणं, पुशअप, धावणं बंद ठेवायला सांगतो, आणि इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली बसवले असतील तर जास्तच काटेकोरपणे. सहा आठवडे संपतात, व्यायामाची सवय मात्र परत येत नाही. कोणी भीतीने टाळतं, कोणी जुनी स्पोर्ट्स ब्रा बसत नाही म्हणून. सिलिकॉनमुळे चयापचय मंदावतो वगैरे जे वाचायला मिळतं, त्याला मी महत्त्व देत नाही.

इथे एक गोष्ट वजनाशी संबंध नसतानाही सांगून ठेवते. ऑपरेशनला वर्ष किंवा जास्त काळ उलटून गेल्यावर एकच बाजू अचानक फुगली, तर ‘वजन वाढलं असेल’ म्हणून सोडून देऊ नका. इम्प्लांटभोवती उशिरा साचलेल्या द्रवाची सोनोग्राफी आणि तपासणी व्हायलाच हवी. क्वचित त्यामागे इम्प्लांटशी निगडित लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) असतो, विशेषतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटच्या बाबतीत. वेळेत सापडला तर बहुतेकदा इम्प्लांट आणि आवरण काढून टाकून तो बरा होतो.

आता मूळ मुद्द्याकडे. बीएमआय ज्याने बांधला तो डॉक्टर नव्हता. अडोल्फ केटले हा बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होता. १८३०च्या दशकात ‘सरासरी माणूस’ कसा असतो हे शोधताना त्याच्या लक्षात आलं की प्रौढांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव बरंच नंतर, १९७२ साली, अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. तेव्हाही हेतू मोठ्या लोकसंख्येची तुलना करण्याचा होता. वजन चरबीचं, स्नायूंचं, पाण्याचं की सिलिकॉनचं, हे सूत्र विचारतच नाही. ते फक्त एवढं गृहीत धरतं की उंचीच्या मानाने वजन वाढलं, तर बहुतेकांच्या बाबतीत चरबी वाढलेली असते.

म्हणून तुमची तक्रार तत्त्वतः बरोबर आहे. इम्प्लांट चरबीही नाही आणि स्नायूही नाही. तो इन्सुलिनला दाद देत नाही, यकृतात चरबी साठवत नाही, रक्तदाब वाढवत नाही. त्याच्यामुळे वाढलेल्या ०.२९ने तुमचा मधुमेहाचा धोका तसूभरही वाढलेला नाही. पण मग उलटही मान्य करावं लागतं. ते ०.२९ वजा केल्याने धोका कमीही होत नाही. ज्या बाईचा बीएमआय २५.२ आहे आणि जिचा २४.९, त्या दोघींना मी वेगवेगळा सल्ला देत नाही.

याची आरशातली बाजू २००४ साली एका अभ्यासात फार छान दिसली. स्थूल असलेल्या १५ स्त्रियांच्या पोटावरची त्वचेखालची चरबी लायपोसक्शनने, म्हणजे नळीने ओढून, काढली, सरासरी दहा किलोच्या आसपास. बीएमआय अर्थातच चांगलाच उतरला. पण १० ते १२ आठवड्यांनी पाहिलं तर इन्सुलिनची संवेदनशीलता, रक्तदाब, रक्तातली चरबी यांत म्हणावा असा फरक नव्हता. त्वचेखालचं वजन सर्जनने नळीने काढून नेलं, आतड्यांभोवतीची आणि यकृतातली चरबी तिथेच राहिली. आहार-व्यायामाने यापेक्षा कितीतरी कमी वजन उतरलं तरी हे आकडे सुधारतात. दहा किलो काढून जे बदलत नाही, ते पाऊण किलो घालून कसं बदलेल?

लायपोसक्शनचा विषय निघालाच आहे तर चरबीच्या कलमाबद्दलही सांगते, कारण तिथे हिशेब वेगळा लागतो. मांडी किंवा पोटातून काढलेली चरबी छातीत, नितंबात किंवा चेहऱ्यात भरली, तर शरीराबाहेरून काही आलेलं नसतं. एकूण वजन थोडं घटतंच, कारण काढलेलं सगळं परत भरत नाहीत आणि भरलेल्यातला बराच भाग पुढच्या काही महिन्यांत विरघळून जातो. बरणीत दिसणारे तीन लिटर म्हणजे तीन किलो चरबी, असंही समजू नका. त्यात आधी टोचलेलं पातळ द्रावण आणि थोडं रक्त असतं, आणि चरबी स्वतः पाण्याहून हलकी, लिटरला ९०० ग्रॅमच्या आसपास. दोन लिटर निव्वळ चरबी गेली तर १.८ किलो, म्हणजे तुमच्या उंचीला बीएमआयमध्ये ०.७. आणि कलम केलेली चरबी चरबीच राहते. पुढे वजन वाढलं तर तीही वाढते. इम्प्लांट वाढत नाही आणि घटतही नाही.

मग वजाबाकी कधी करायची? मी स्वतः ती करते, पण मोजक्याच ठिकाणी.

सर्वांत महत्त्वाचं ठिकाण म्हणजे खालची रेषा, १८.५ची. समजा तुमच्याच उंचीची एक मुलगी ४६ किलोची आहे. तिचा बीएमआय १८.४, म्हणजे कमी वजन. तिला तुमच्याएवढेच इम्प्लांट बसवले की तो १८.७ होतो आणि कागदावर ती ‘सामान्य’ ठरते, अंगावर एक ग्रॅम मांस चढलेलं नसताना. खाण्याच्या विकारातून सावरणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत हा फरक मला झोप लागू देत नाही, कारण तिथे उपचारांचे निर्णय या आकड्याकडे बघून घेतले जातात. अशी पार्श्वभूमी असेल तर इम्प्लांटचं वजन टीममधल्या प्रत्येकाला माहीत हवं आणि नोंदीत ते वगळूनच लिहायला हवं. अशी दुरुस्ती वैद्यकात नवी नाही. पाय गमावलेल्या माणसाचा बीएमआय काढताना आहारतज्ज्ञ गेलेल्या अवयवाचं वजन हिशेबात धरतातच. संपूर्ण पाय शरीराच्या साधारण १६ टक्के धरला जातो.

दुसरं, जिथे बसवलेलं वजन खरोखर मोठं आहे. ब्रेस्टच्या जोडीबरोबर नितंबांचेही इम्प्लांट असतील तर एकूण दीड-दोन किलोपर्यंत जातं, म्हणजे तुमच्या उंचीला ०.६ ते ०.८. एवढा फरक मी नोंदवते. याच रांगेत एक भयंकर प्रकार येतो, तो म्हणजे नितंब मोठे दिसावेत म्हणून सुईने भरलेलं पातळ सिलिकॉन. याला लोक ‘फिलर’ म्हणतात. ते लिटरभरही भरलेलं असू शकतं, तेव्हा वजनात दिसतं. पण अशा माणसाच्या बाबतीत बीएमआय ही शेवटची काळजी. ते सिलिकॉन पसरतं, गाठी होतात, वर्षांनीसुद्धा संसर्ग होतो, आणि रक्तवाहिनीत शिरलं तर फुफ्फुसात जाऊन जीव घेतं. शरीराला आकार देण्यासाठी असं इंजेक्शन अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांवरच्या सरकारी नियामक संस्थेने) मंजूर केलेलं नाही, उलट त्याविरुद्ध इशारे दिले आहेत. कोणी फिलर म्हणून शेकडो मिलिलिटर द्यायला निघालं, तर तिथून उठून या.

जिथे वजाबाकी करूच नये अशीही एक जागा आहे. कर्करोगासाठी स्तन काढून त्या जागी इम्प्लांट बसवला असेल, तर तो गेलेल्या वजनाच्या बदल्यात आलेला असतो. तो वगळला तर बीएमआय खोटाच कमी येईल. उलट स्तन लहान करण्याच्या ऑपरेशनमध्ये दोन्ही बाजू मिळून कधी तीन किलोही ऊती निघतात. तुमच्या उंचीला तो १.२चा फरक झाला, इम्प्लांटच्या चौपट.

माझ्या कामात बीएमआयचा खरा दबदबा उलट दिशेने आहे. बीएमआयवर इम्प्लांटचा परिणाम किरकोळ, पण इम्प्लांटच्या ऑपरेशनवर बीएमआयचा परिणाम मोठा. ३०च्या पुढे जखम भरायला वेळ लागणं, संसर्ग, भुलीतले श्वासाचे त्रास, पायात रक्ताच्या गाठी, या सगळ्यांची शक्यता वाढत जाते. म्हणून हौसेच्या शस्त्रक्रियांसाठी अनेक ठिकाणी ३० किंवा ३५ची मर्यादा असते. दुसऱ्या ऑपरेशनसाठी आलेली एखादी बाई ३०.२वर अडते आणि "पण माझे इम्प्लांट..." म्हणते. अशा वेळी मी तो दशांश तिच्या पदरात टाकते. भूलतज्ज्ञाला मात्र त्याने काही फरक पडत नाही. तो मान बघतो, घोरण्याबद्दल विचारतो, झोपेत श्वास अडकतो का ते विचारतो.

पुढचं तुमच्यासारख्या, २५च्या आसपास असणाऱ्यांसाठी. कंबर मोजा. टेप बरगडीचं शेवटचं टोक आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची, श्वास सहज सोडून. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, म्हणजे तुमची ७९ सेंटीमीटरच्या आत. या मापाला छातीत काय बसवलंय याचा पत्ताच नसतो, आणि पोटातल्या चरबीबद्दल ते बीएमआयपेक्षा जास्त खरं बोलतं. शिवाय तुम्ही आशियाई वंशाच्या असाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली सुचवलेला सावधगिरीचा टप्पा २३पासूनच सुरू होतो, कारण आपल्याकडे कमी वजनालाही पोटाची चरबी आणि मधुमेह गाठतात. त्या मोजपट्टीवर तुमचे २५.२ आणि २४.९ दोन्ही रेषेच्या पलीकडेच आहेत. ऑपरेशनआधीचा २४सुद्धा. म्हणजे त्या शेऱ्यावरून भांडण्यात अर्थ नाही. साखर, लिपिड (रक्तातली चरबी) आणि रक्तदाब बघून घ्या. ते ठीक असतील आणि कंबर आत असेल तर मला तुमच्या वजनाची चिंता नाही.

वजनावर लक्ष ठेवायचंच असेल तर नवी सुरुवात धरा. सूज पूर्ण उतरल्यावरचं, म्हणजे दोन-तीन महिन्यांनंतरचं वजन हा तुमचा नवा शून्य, पुढची तुलना त्याच्याशी. तुम्ही ते तेव्हा नोंदवलं नसेल तर आजचं धरा. दर वेळी वजाबाकी करत बसायची गरज उरत नाही, कारण इम्प्लांटचं वजन बदलत नाही. घरच्या ज्या काट्यांवर चरबीची टक्केवारी दिसते, त्यांवर फार विसंबू नका. ते पायातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून उरलेलं सूत्राने अंदाजतात. सिलिकॉनमधून वीज जात नाही, आणि पायापासून पायापर्यंतचा प्रवाह छातीपर्यंत नीट पोचतही नाही. टक्केवारी खाली येतेय की वर जातेय, एवढंच बघा. डेक्सा स्कॅन (हाडं आणि चरबी मोजणारी क्ष-किरण तपासणी) करणार असाल तर तंत्रज्ञाला आधी सांगा, कारण छातीच्या भागातले आकडे इम्प्लांटमुळे बिघडतात.

तीन किलो उतरवायचं ठरवलंत तर एक लक्षात असू द्या. उतरताना थोडी चरबी स्तनातूनही जाते आणि इम्प्लांट तेवढाच राहतो, त्यामुळे कडा किंवा सुरकुती जाणवू शकते. दोन-तीन किलोंना सहसा काही होत नाही, दहा-बारा किलोंना होऊ शकतं. म्हणूनच मी ऑपरेशनआधी काही महिने वजन स्थिर हवं असा हट्ट धरते.

आणि आरोग्य तपासणीच्या फॉर्मवर इम्प्लांटची नोंद जरूर करा, पण बीएमआयसाठी नव्हे. मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेच्या, वेळी ती माहिती लागते. इम्प्लांट मागे सारून, पुढची ऊती ओढून धरून जास्तीचे फोटो घ्यावे लागतात, नाहीतर इम्प्लांटच्या सावलीत गाठ लपू शकते. ऑपरेशननंतर मिळालेल्या कार्डावर कंपनी, प्रकार, आकारमान आणि क्रमांक असतो. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि तपासणीला जाताना दाखवा.